ओवाळणीतला फोन

भाऊबीजेला भावाने आपला जुना फोन माझ्या ताटात ठेवला, तेव्हा मी चारचौघांत त्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या कौतुकाची मला आजही चीड येते. आमच्याकडे आता ही रीतच झाली आहे. भाऊ नवा फोन घेतो, जुना बहिणीच्या ताटात येतो आणि साडीपेक्षा हे बरं म्हणून बहीणही खूश होते. फोन चांगला होता, काचेवर एक चरासुद्धा नव्हता. देताना भाऊ एवढंच म्हणाला की आतलं माझं अकाउंट तेवढं काढू नकोस, जुने फोटो जातील. मी म्हटलं, राहू दे की, मला काय त्याचं ओझं होतंय.

वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. भिवंडीजवळच्या वळ गावात आमची जमीन होती, त्यातली बरीचशी वडिलांच्या हयातीतच गोडाऊनवाल्यांकडे गेली. राहिलं होतं ते घर आणि घरामागचा तुकडा. त्याच्या तिन्ही बाजूंना आता पत्र्याच्या उंच भिंती आहेत, त्यामुळे त्या तुकड्यालाही गिऱ्हाईक आलं. सात-बाऱ्यावर वारस म्हणून तीन नावं लागली होती, आई, भाऊ आणि मी. भावाला आम्हा दोघींकडून हक्कसोड हवी होती, म्हणजे आमचा हिस्सा आम्ही त्याच्या नावे सोडतो असं निबंधकाच्या कचेरीत जाऊन लिहून द्यायचं. आमच्या बाजूच्या बायका हे करत आल्या आहेत. नवी साडी नेसतात, अंगठा देतात, गोडाधोडाचं जेवतात आणि माहेर टिकलं म्हणून समाधानाने घरी जातात. माझ्या दोन्ही आत्यांनी हेच केलं. मी भिवंडीत, निजामपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहते. नवरा टेम्पो चालवतो, मी वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करते आणि माझी म्हणावी अशी बोटभर जमीन या जगात कुठे नव्हती. मला त्या कागदावर माझं नाव राहायला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

पण हे भावाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. मग जेवणाच्या सुट्टीत, डबा खाऊन झाला की मी फोनला विचारायची. लग्न झालेल्या मुलीला वडिलांच्या जमिनीत वाटा मिळतो का. हक्कसोड दिल्यावर परत घेता येते का. सही दिली नाही तर भाऊ काय करू शकतो. वकील किती घेतो. फोन उत्तरं द्यायचा, मी वाचायची आणि वाचून धीर यायचा. शोधायच्या पट्टीखाली अधूनमधून काहीबाही यायचं, गाडीचे टायर, क्रिकेटचे सामने. मला वाटायचं, फोनच आपल्या मनाने सुचवतोय.

एका रविवारी भाऊ आईला घेऊन घरी आला. चहा झाला आणि त्याने बोलायला सुरुवात केली. म्हणाला, वाटा मिळतो गं कायद्याने, मी नाही कुठे म्हणतो. पण कोर्टात गेलं की पोरं म्हातारी होतात. वकील आधी गोड बोलतात, मग घर विकायला लावतात. आणि हक्कसोड दिली की परत मिळत नाही असं कुठे वाचशील, तर ते खरंय, पण आपल्यात परत मागायची वेळ येणार आहे का? मी जे जे फोनला विचारलं होतं, ते ते त्याने एकेक करून खोडून काढलं, जवळपास माझ्याच शब्दांत. माझ्या जिवाचं पाणी झालं. आई शेजारी खाली मान घालून बसली होती. जाताना एवढंच म्हणाली की भावाला दुखवू नको.

आता हे त्याला सांगितलं कोणी? नवऱ्याला मी काहीच बोलले नव्हते. बोलले होते ते एकीलाच, माझ्या शेजारच्या टेबलावर स्कॅनिंग करणाऱ्या मैत्रिणीला. तीही निजामपुऱ्यातलीच, बाप लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आमचं जाणं-येणं एका रिक्षातून, डबा एकत्र. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळ्या लाइनसमोर झापलं. इकडचं तिकडे करणारी म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं, ते आता लिहवत नाही. ती डबा उचलून पलीकडच्या बायकांत जाऊन बसली.

आठ दिवसांनी ती स्वतःहून आली. माझ्या समोर उभी राहून म्हणाली, "दीदी, गाली देना है तो दे लो. पण आधी सांगा, या फोनमध्ये अकाउंट कोणाचं आहे?"

मी सांगितलं, भावाचं. तिने फोन माझ्या हातातून घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं आणि परत दिला. समोर एक लांबलचक यादी होती. दिवस, वेळ आणि त्या वेळी विचारलेला प्रश्न. माझे सगळे प्रश्न तिथे होते, मोत्यासारखे ओळीने. मधे मधे भावाचे टायर, भावाचं क्रिकेट. भावाचा एक प्रश्न असाही होता, बहीण सही देत नसेल तर उपाय. ज्याच्या नावाचं अकाउंट, त्याला सगळ्यांचं सगळं दिसत होतं, मी काय टाइप केलं तेही आणि किती वाजता केलं तेही. मला कानफटात मारल्यासारखं झालं.

मी खाली सरकवत गेले आणि एका ओळीवर थांबले. "पोराला सही दिल्यावर तो आईला घरान ठेवतो का न्हाय." हे मी विचारलेलं नव्हतं. आईला लिहिता येत नाही, ती माइक दाबून बोलते. तिचा फोनही भावानेच दिलेला, त्यातही त्याचंच अकाउंट. म्हणजे आमच्या घरातल्या तीन माणसांचे प्रश्न एकाच यादीत पडत होते आणि ती यादी भाऊ वाचत होता. तारीख पाहिली. ते घरी आले त्या रविवारच्या चार दिवस आधीची. हा प्रश्न वाचून तो आईला माझ्याकडे घेऊन आला होता, तिला शेजारी बसवून मला उपदेश करत होता आणि तिला मात्र एका शब्दाने म्हणाला नव्हता की आई, असं कसं तुझ्या मनात आलं.

तोवर मला भीती होती. त्या ओळीनंतर भीती गेली आणि डोक्यात तिडीक उठली. मी मैत्रिणीची माफी मागितली. ती म्हणाली, माफी ठीक आहे, पण उद्यापासून भाजी तुम्ही आणायची. मग म्हणाली, चला, अकाउंट काढून टाकू. मी म्हटलं, हात लावू नकोस. असू दे तसंच.

मला आधी खात्री करायची होती की त्याला हे चुकून दिसलं, की तो मुद्दाम वाचतो. म्हणून मी फोनला विचारलं, जेवणात मिसळलं तर चव लागणार नाही असं जुलाबाचं औषध कोणतं. आणि त्याच रविवारी भावाला आणि आईला मटणाचं जेवायला बोलावलं. माझ्या हातचं मटण म्हटलं की हा माणूस चार भाकऱ्या खातो, वर रस्सा वाटीने पितो. त्या दिवशी आला आणि म्हणाला, माझा उपास आहे. रविवारी. कसला उपास विचारलं तर सांगता येईना. पाण्याची बाटलीसुद्धा बाहेरून घेऊन आला होता. मला हसू आवरेना, मी दोनदा आत जाऊन आले. पण मग मी पाहिलं की आई जेवत होती. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने, रस्सा मागून घेतला. आणि तो समोर बसून बघत होता. त्याला वाटत होतं की त्यात काहीतरी कालवलंय, आणि त्याने आईला खाऊ दिलं. माझं हसू तिथेच आटलं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की याला असा धडा शिकवायचा की जन्मभर लक्षात राहील. घरी नुसतं नाही म्हटलं असतं तरी जमीन वाचली असती. पण मला आता नुसतं तेवढं पुरणार नव्हतं.

पहिल्यांदा मला विचारायला दुसरी जागा हवी होती. मैत्रीण म्हणाली, नुसतं शोधायचं ठिकाण बदलून भागणार नाही. ज्या ॲपमधून तुम्ही नेटवर जाता तेच भावाच्या नावाने उघडतं, मग कुठेही गेलात तरी त्याला पत्ता लागणार. दुकान बदललंत तरी रिक्षा भावाचीच. तिने दुसरं ॲप आपल्या फोनवरून माझ्या फोनवर पाठवलं, म्हणजे डाउनलोड केल्याची नोंदही त्याच्या अकाउंटला पडणार नाही. ते मी गॅलरीशेजारच्या फोल्डरमध्ये, पंचांगाच्या मागे लपवलं. मग आम्ही दोघींनी तीन शोधयंत्रं लावून पाहिली, तिन्ही विचारलेलं साठवून ठेवत नाही असं सांगणारी. तिन्हींत मी एकच शब्द टाकला, हक्कसोड. पहिल्याने माझ्यासमोर हिंदीतल्या बातम्या ठेवल्या. दुसऱ्याला मराठी कळत होतं, पण उघडल्या उघडल्या मी कुठे आहे ते विचारायला लागलं. मी म्हटलं, बाबा, तुला कशाला हवंय, आणि बंद केलं. तिसऱ्याने सरकारी कागद दाखवले, फेरफार म्हणजे काय तेही सांगितलं. जरा हळू चालायचं, मराठीत नेमकं मिळायला दोन-तीनदा शब्द बदलून विचारावं लागायचं, आधीच्यासारखं अर्ध्या शब्दावरून मनातलं ओळखायचं नाही. पण मला तेच हवं होतं. मनातलं ओळखणाऱ्यांचा मला वीट आला होता. बंद केलं की मागे काही उरायचं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं की पाटी कोरी, जसं काही मी कोण ते त्याला माहीतच नाही. ते बघून मला इतकं बरं वाटायचं की कधी कधी मी उगाच उघडून बघायची.

त्या कोऱ्या पाटीवर मी सगळं शिकले. वारसाच्या सहीशिवाय तो तुकडा अख्खा विकता येत नाही हे शिकले. भिवंडीतच एक वकीलबाई शोधली, तिच्याकडे ड्युटी संपल्यावर दोनदा जाऊन आले आणि मी हिस्सा सोडत नाही, माझ्या सहीशिवाय विक्री चालणार नाही, अशी नोटीस तिच्याकडून लिहून घेतली.

आणि त्याच ओवाळणीतल्या फोनवर, भावाच्या अकाउंटच्या जुन्या खिडकीत, मी रोज भावासाठी लिहायला लागले. भावाशी भांडण झाल्यावर मन शांत कसं करावं. माहेर तुटलं तर बाईचं काय होतं. चार दिवस थांबून, हक्कसोड करताना बहिणीने कोणते कागद न्यावेत. आधारकार्ड चालतं का पॅनही लागतं. मग जरा रंगात आले आणि पोपटी पैठणी, मोराच्या काठाची, असं टाकलं. दुसऱ्या दिवशी परत टाकलं. हे करताना मला लाज वाटली का? अजिबात नाही. डबा खाता खाता मी मैत्रिणीला वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी खिदळायचो. भावाचा फोन आला, आवाज कसा साखरेत घोळलेला. म्हणाला, ताई, पुढच्या बुधवारी नंबर लावलाय, येशील ना? मी म्हटलं, येईन की, माझा भाऊ आहेस तू.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. मनाशी म्हणत होते की तिच्या तोंडून फुटेल. खरं सांगायचं तर ती ओळ मी त्या दिवसासाठी राखून ठेवली होती.

बुधवारी निबंधकाच्या कचेरीत भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. सोबत गिऱ्हाइकाचा माणूस, हातात फाइल, आणि आई. भावाने पिशवीतून साडी काढून माझ्या हातात दिली. पोपटी पैठणी, काठाला मोर. म्हणाला, तुझ्या आवडीची. मी ती घेतली, छान आहे म्हटलं. ती अजून माझ्याकडेच आहे, परत दिलेली नाही आणि देणारही नाही.

आमचा नंबर पुकारला. कॅमेऱ्यासमोर खुर्ची, शेजारी अंगठ्याचं मशीन. कारकुनाने कागद सरळ केले आणि रोजच्यासारखं विचारलं, स्वखुशीने देताय ना? मी म्हटलं, नाही. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली, त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं, पर्समधून नोटीस काढली आणि भावाला नाही, गिऱ्हाइकाच्या माणसाला दिली. त्याने ती उभ्या उभ्या वाचली, फाइल मिटली आणि भावाकडे असं पाहिलं, की ते पाहणं मी डोळे भरून बघून घेतलं.

भाऊ पांढरा पडला. म्हणाला, "पण तू तर कागद कोणते लागतात ते शोधत होतीस."

बोलून गेला आणि जीभ चावली. मी याच वाक्याची दोन महिने वाट बघत होते.

आईने मान वर केली. "तुला कसं ठाव, ती काय शोधत होती?"

मग मीच सांगितलं, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं. की आई, माझ्या फोनातलं सगळं याला दिसतं. आणि तुझ्याही. तू माइक दाबून जे जे विचारतेस ते सगळं हा वाचतो. सही दिल्यावर पोर आईला घरात ठेवतो का, हे तू विचारलंस ना, तेही याने वाचलंय. त्यानंतरही तुला इथे अंगठा द्यायला घेऊन आलाय.

भाऊ म्हणाला की त्याने कधी लक्ष देऊन वाचलं नाही. आई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला आवडलं असतं. पण ती लाजली होती. कारकून, गिऱ्हाइकाचा माणूस, बाकावर बसलेली परकी माणसं, सगळ्यांसमोर तिचा तो प्रश्न मी मोठ्याने बोलून दाखवला होता. तिने पदर सारखा केला, मशीनजवळचा हात मागे घेतला आणि कारकुनाला म्हणाली, "मी पन न्हाय देत."

जिंकले मी. तिथेच, भावाच्या नाकासमोर. त्याने कागद गोळा केले, तेव्हा मला त्याची कणभर कीव आली नाही. आजही येत नाही. तो तुकडा अजून तीन नावांवर आहे. आई तिच्या घरात आहे, आणि घर तिच्याही नावावर आहे म्हणून त्याला तिच्याशी नीट बोलावं लागतं. माझ्याशी तो बोलत नाही. मला चालतं.

रिक्षात बसल्यावर मी आईचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला आणि विचारलं, "आन तू? तू कवा वाचलंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण जीभ वळली नाही. मी सांगितलं, दोन महिने झाले.

"दोन म्हयने," ती म्हणाली. "त्यानं वाचलं आन गप बसला. तू पन गप बसलीस."

मी सांगायला लागले की तुझ्यासाठीच थांबले होते, तिथे सगळ्यांसमोर त्याला उघडं पाडायचं होतं, म्हणून तर त्याला दिसणार नाही अशी विचारायची दुसरी जागा फोनात घातली. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. वळचा फाटा आला तेव्हा तिने कमरेचा फोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. "त्याचं नाव काढ यातून. तुझं पन नको घालू. तू ती दुसरी वस्तू घेतलीस ना, कोनाला कायच कळत न्हाय अशी, ती दे मना."

मी तसं करून दिलं. भावाचं अकाउंट काढलं, माझं घातलं नाही, कोरी पाटी उघडून दिली आणि माइक कुठे दाबायचा ते दाखवलं. ती लगेच शिकली. आता मी रविवारी गेले की ती पुढल्या दारी बसलेली असते, फोन तोंडाजवळ धरून काहीतरी हळू विचारत असते. मला बघितलं की माइक बंद करते, फोन पदराखाली घेते आणि मी आत जाईपर्यंत थांबते.